ॲफिलिएट नेटवर्कवर पहिले पाऊल: नोंदणीपासून भरवशाच्या विक्रेत्यापर्यंत

कळंगुटला काजूच्या दुकानासमोर पर्यटकांची गाडी थांबते, गिऱ्हाईक आत जाऊन पिशव्या भरून बाहेर येते, आणि गाडी पुन्हा सुरू होण्याआधी दुकानदार चालकाच्या हातात ठरलेली रक्कम सरकवतो. हा व्यवहार गोव्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ॲफिलिएट मार्केटिंग त्याच जातीचे आहे. ऑनलाइन दुकानदाराला गिऱ्हाईक कोणी आणले ते डोळ्यांनी दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून आणणाऱ्या प्रत्येकाला त्याचा क्रमांक गुंफलेली वेगळी लिंक दिली जाते. तुमच्या लेखातून, व्हिडिओखालच्या वर्णनातून किंवा टेलिग्राम चॅनलवरून कोणी त्या लिंकवर गेले आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली, तर विक्रेता तुम्हाला कमिशन देतो. ॲमेझॉनने आपली अशी योजना १९९६ साली सुरू केली आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रुळली.

काजूच्या दुकानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गोव्यात सर्वांना ठाऊक असते. खवट काजू विकणाऱ्या दुकानाकडे जो चालक गाडी नेतो, त्याचे नाव पर्यटक त्याच संध्याकाळी हॉटेलात सांगतात. दुकानाचे नाव मात्र कोणाच्या लक्षातही राहत नाही. डिचोली, फोंडा, पेडणे किंवा मडगावात बसून मराठीत लिहिणारे आणि व्हिडिओ करणारे जे या कामात नव्याने उतरत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातला मोठा भाग विक्रेता पारखण्यावर खर्च केला आहे, कारण नोंदणी अर्ध्या तासात होते आणि चुका पुढेच होतात.

पैसा कुठून येतो आणि किती उशिरा येतो

वाचकाने लिंकवर क्लिक केले की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद राहते आणि तिची मुदत विक्रेता ठरवतो. ॲमेझॉनवर ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते; काही विक्रेते ती ७ दिवसांची, काही ३० दिवसांची ठेवतात. बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकचा नियम चालतो. तुमचा लेख वाचून ज्याने मन पक्के केले, त्याने पैसे भरण्यापूर्वी एखाद्या कूपनच्या साइटवर चक्कर मारली, तर कमिशन त्या साइटला जाते आणि तुमच्या अहवालात केवळ एक क्लिक उरतो.

आता एका मिक्सरचे गणित मांडून पाहू. दुकानातील किंमत ३,५४० रुपये आहे. त्यातील १८ टक्के जीएसटी वगळला तर मूळ किंमत ३,००० रुपये होते, आणि कमिशन सहसा या मूळ किमतीवर मोजले जाते. ५ टक्के दर असेल तर एका मिक्सरमागे १५० रुपये आणि वीस ऑर्डरींचे ३,००० रुपये अहवालात 'प्रलंबित' म्हणून दिसतील. वीसपैकी चार मिक्सर परत गेले किंवा दारातच नाकारले गेले, आणि दोन गिऱ्हाइकांनी ॲफिलिएटांसाठी नसलेले कूपन वापरले, तर मंजूर ऑर्डरी चौदा राहतात आणि रक्कम २,१०० रुपये होते. परताव्याची मुदत संपेपर्यंत विक्रेता मंजुरी देत नाही, मंजुरीनंतर तो नेटवर्ककडे, म्हणजे तुमच्या आणि त्याच्यामधल्या मध्यस्थाकडे, पैसे भरतो आणि नेटवर्क ते पुढच्या फेरीत तुमच्या खात्यात टाकते. यात दोन ते तीन महिने सहज जातात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, बाजाराची कमाई दिवाळीनंतर हाती आली, तर ती वेळेवरच आली असे समजावे.

हॉटेलांच्या बुकिंगमध्ये हा काळ आणखी लांबतो, कारण तिथे कमिशन पाहुण्याने मुक्काम पूर्ण केल्यावर पक्के होते. ऑगस्टमध्ये कोणी तुमच्या लिंकवरून नाताळातील खोली राखून ठेवली, तर तिचे पैसे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने बेत रद्द केला, तर काहीच येत नाही. म्हणून पहिले सहा महिने या उत्पन्नावर घरखर्च किंवा कर्जाचा हप्ता अवलंबून ठेवू नये.

नोंदणीआधीची तयारी

सर्वप्रथम वाचक हवेत. हे सांगायची गरज नसावी, पण नवखे लोक उलट क्रमाने जाताना दिसतात: आधी पाच नेटवर्कांवर खाती उघडतात आणि मग काय लिहावे याचा विचार करतात. ॲमेझॉनसारख्या योजनेत अर्ज केल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. त्यामुळे वाचक नसताना केलेला अर्ज वायाच जातो. एका विषयावरचे दहा-पंधरा चांगले लेख किंवा व्हिडिओ आधी तयार असावेत आणि त्यांतील बहुतेकांत विकण्यासारखे काही नसावे.

विषय असा निवडावा ज्यात तुमचा अनुभव लांबच्या माणसापेक्षा जास्त आहे. मोबाइलच्या तुलना देशभर हजारो लोक लिहितात आणि त्या गर्दीत मराठी लेख वर येणे अवघड असते. त्याऐवजी चार महिने दमट हवेत घर कसे सांभाळावे, हा विषय घेऊन पाहा: कपाटातील बुरशी, चामड्याच्या चपलांवरची पांढरी साय, गंजणारी सुरी, वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती तास टिकतो, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, कडधान्य आणि सुकी मासळी कोणत्या डब्यात नरम पडत नाही. गोव्यातल्या घराला यातील प्रत्येक प्रश्न दरवर्षी पडतो, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कारवारच्या वाचकालाही पडतो, आणि त्याची उत्तरे दिल्लीत बसून लिहिता येत नाहीत.

कागदपत्रांपैकी आधारशी जोडलेले पॅन आणि त्याच नावाचे बँक खाते हाताशी ठेवावे. पॅनवरील नावात आणि खात्यावरील नावात फरक असेल तर पैसे अडकतात. पोर्तुगीज वळणाची किंवा दोन-तीन प्रकारे लिहिली जाणारी आडनावे आपल्याकडे पुष्कळ असल्याने हा अडथळा इथे वारंवार येतो. सरकारी नोकरीत असणाऱ्याने आपल्या सेवेचे आचरण नियम आधी वाचावेत, कारण खासगी व्यवसायावर तिथे बंधने असतात.

नेटवर्क निवडणे आणि अर्ज भरणे

नेटवर्क हा विक्रेते आणि ॲफिलिएट यांच्यातला मध्यस्थ असतो. तो लिंक बनवून देतो, विक्रीची नोंद ठेवतो, विक्रेत्याकडून पैसे गोळा करतो आणि तुम्हाला एकत्र पाठवतो. भारतात क्यूलिंक्स, व्हीकमिशन आणि ॲडमिटॅड ही नावे नेहमी ऐकू येतात; परदेशी विक्रेत्यांसाठी ऑविन, सीजे आणि इम्पॅक्ट आहेत. काही नेटवर्क एकदा मंजुरी मिळाली की शेकडो दुकानांच्या लिंक लगेच वापरू देतात, तर काहींत नेटवर्कची मंजुरी वेगळी आणि प्रत्येक विक्रेत्याची वेगळी असते. नवख्याने एक भारतीय नेटवर्क आणि फार तर एका मोठ्या दुकानाची थेट योजना, एवढ्यावर सुरुवात करावी. चार ठिकाणी विखुरलेली कमाई कुठेच किमान रकमेपर्यंत पोहोचत नाही आणि तशीच पडून राहते.

अर्जापूर्वी नेटवर्कच्या अटींत चार गोष्टी शोधून वहीत उतरवाव्यात: किमान किती रक्कम जमल्यावर पैसे पाठवतात, किती दिवसांनी पाठवतात, विक्रेत्याने पैसे बुडवले तर नेटवर्क स्वतः देते की नाही, आणि खाते बंद केल्यास जमलेल्या रकमेचे काय होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा 'देत नाही' असेच असते आणि तेच या लेखाचे खरे कारण आहे. नेटवर्क मोठे म्हणून त्यावरचा प्रत्येक विक्रेता भरवशाचा ठरत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारे सगळेच एका मापाने मोजत नाहीत, तसेच हे आहे.

खरे नेटवर्क प्रवेशासाठी हजारो रुपयांचे शुल्क किंवा 'किट' घ्यायला लावत नाही. आधी पैसे भरा, मग तुमच्या खाली माणसे आणा आणि त्यांच्या भरण्यातून कमाई करा, असे कोणी हॉटेलच्या हॉलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर सांगत असेल, तर तो ॲफिलिएट मार्केटिंगचे नाव वापरून साखळी चालवत आहे. अशा पैसाफिरवणीच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. ओळख कितीही जवळची असो, तिथे थांबू नये.

अर्जात 'तुम्ही जाहिरात कशी करणार' असा रकाना असतो आणि पुष्कळ जण तिथे 'सोशल मीडिया' एवढे दोन शब्द टाकून मोकळे होतात. अर्ज नाकारला जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. त्याऐवजी असे लिहावे: 'पावसाळ्यातील घरव्यवस्था या विषयावर मराठी लेख आणि व्हिडिओ, वाचक प्रामुख्याने गोवा, कोकण आणि कोल्हापूर भागातील, बहुतेक मोबाइलवरून येणारे, लिंक फक्त वापरून पाहिलेल्या वस्तूंच्या परीक्षणात, कंपनीच्या नावावर सर्च जाहिराती करणार नाही.' शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर गुगलवर पैसे देऊन जाहिरात लावणे हे बहुतेक योजनांत निषिद्ध असते आणि ते आपल्याला माहीत आहे हे पाहून मंजुरी देणाऱ्याला बरे वाटते.

विक्रेता कसा पारखावा

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरातील हवाबंद डबे विकणाऱ्या एका कंपनीने १२ टक्के दर लावला होता. इतरत्र तो चार-पाचच्या आसपास असल्यामुळे मी बाकी काही न पाहता लेख लिहिला. चवथीपूर्वी ३१ ऑर्डरी नोंदल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांतल्या २२ 'अवैध' असा एका शब्दाचा शेरा मारून रद्द झाल्या. त्या २२ पैकी दोन डबे वाळपईच्या माझ्या मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात तोवर साखर-रवा भरून बसले होते, म्हणजे विक्री झाली होती आणि परतही गेली नव्हती. नेटवर्कला लिहिले तर उत्तर आले की विक्रेत्याचा निर्णय अंतिम असतो. त्याहून वाईट म्हणजे डब्यांची झाकणे महिन्याभरात सैल पडू लागली आणि ते ऐकून घेण्यासाठी फोन मलाच येत राहिले. पुढे जी तपासणी सांगतो आहे, ती त्या वर्षानंतर लागलेली सवय आहे.

पहिल्यांदा दुकानाच्या साइटवर सर्वांत खाली जावे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काचे तपशील आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करावे, असेही त्यात म्हटले आहे. जिथे फक्त एक संपर्काचा फॉर्म आणि एक व्हॉट्सॲप क्रमांक आहे, ते दुकान इथेच बाजूला ठेवावे.

नंतर जीएसटी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, गोव्याचे ३० आणि महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचे पॅन. जीएसटी पोर्टलवर कोणालाही हा क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे की रद्द झाली, कोणत्या तारखेची आहे आणि खरे कायदेशीर नाव काय, हे विनामूल्य पाहता येते. 'गोव्याच्या मातीतला अस्सल काजू' म्हणून विकणाऱ्या दुकानाचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा निघाला, तर तो गुन्हा नाही. माल तिथून पॅक होत असेल. पण मग लेखात 'गोव्याचा' हा शब्द लिहिण्यापूर्वी काजू कुठून येतो, हे दुकानदाराला विचारायला हवे. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्या स्थापनेची तारीख आणि सद्यस्थितीही सापडते.

तिसरी तपासणी पिनकोडची आहे आणि ती बाहेरच्या मार्गदर्शकांत सहसा नसते. ४०३ ने सुरू होणारे पिनकोड टाकून पाहावेत: पणजी, मडगाव हे तर टाकावेतच, पण सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या गावांचेही टाकावेत. पुष्कळ दुकाने 'संपूर्ण भारतात पोहोच' असे लिहितात आणि प्रत्यक्षात आतल्या गावांना वस्तू पाठवत नाहीत किंवा पावसात पंधरा-वीस दिवस लावतात. उशीर झालेली वस्तू गिऱ्हाईक दारात नाकारते, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर त्याचे काही जातही नाही, आणि तुमची नोंद रद्द होते. ज्या विक्रेत्याचा बहुतांश धंदा कॅश ऑन डिलिव्हरीवर चालतो, तिथे अहवालातील प्रलंबित आकडा मनातल्या मनात बराच कमी करून वाचावा.

मग एक वस्तू स्वतःच्या पैशाने मागवावी, मात्र आपल्या लिंकवरून नव्हे. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करणे बहुतेक योजनांत नियमभंग ठरते आणि त्यासाठी खाती बंद होतात. ऑर्डर दिल्यापासून पोहोचेपर्यंतचे दिवस मोजावेत, खोक्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा, आठवडाभर वस्तू वापरावी आणि जमल्यास एक वस्तू परत करून पाहावी. पैसे परत येण्यास किती दिवस लागले आणि मध्ये किती फोन करावे लागले, यातून दुकानाचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा शंभर पंचतारांकित अभिप्राय वाचून कळत नाही. त्या काढलेल्या फोटोंचा लेखात उपयोग होतो, हा वेगळा फायदा.

एवढे झाल्यावरच योजनेचे आकडे पाहावेत. नेटवर्कच्या पानावर ईपीसी नावाचा आकडा असतो, म्हणजे एका क्लिकमागे किंवा काही नेटवर्कांत शंभर क्लिकमागे इतर ॲफिलिएटांना मिळालेली सरासरी कमाई. कमिशनच्या टक्क्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो. १२ टक्के देणाऱ्या दुकानात दर हजार क्लिकांत दोनच लोक खरेदी करत असतील आणि ४ टक्के देणाऱ्या दुकानात वीस करत असतील, तर वस्तूची किंमत सारखी असताना दुसरे दुकान तिप्पटीहून अधिक देते. मंजुरीचे प्रमाण दिले असेल तर तेही पाहावे आणि दिले नसेल तर नेटवर्कच्या प्रतिनिधीला विचारावे.

त्याच पत्रात आणखी दोन प्रश्न घालावेत. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये दुकानाचे ॲप असेल तर लिंकवर बोट ठेवताच ब्राउझरऐवजी ॲप उघडते. त्या ॲपमधील खरेदी योजनेत धरली जाते का? आपला वाचक बहुतांशी मोबाइलवर असतो, त्यामुळे 'नाही' असे उत्तर आले तर निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाण्याची शक्यता आहे. आणि आयफोनवरील सफारी ब्राउझर २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांच्या, कुकी अडवतो. त्यासाठी विक्रेत्याने सर्व्हरवरून नोंद ठेवण्याची सोय केली आहे का? प्रतिनिधीने या प्रश्नांना सरळ उत्तर दिले तर पुढे अडचण आल्यावरही तो उत्तर देईल, असे मी समजतो. आठवडाभर काहीच आले नाही, तर तेही उत्तरच असते.

शेवटी महिनाभर एकाच लेखात लिंक लावून पाहावी आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला, ज्याला ती वस्तू खरोखर घ्यायची आहे, तुमच्या समोर ऑर्डर द्यायला सांगावे. तारीख, वेळ आणि रक्कम लिहून ठेवावी. दोन-तीन दिवसांत ती ऑर्डर अहवालात दिसली नाही, तर नोंदच होत नाही आहे, आणि हे पहिल्या महिन्यात कळणे चवथीच्या गर्दीनंतर कळण्यापेक्षा बरे.

प्रवासविषयक लेखन करणाऱ्यांनी गोव्यापुरत्या दोन गोष्टी जास्तीच्या पाहाव्यात. भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या दुचाकीची नंबरपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने देणाऱ्याची लिंक तुम्ही दिली आणि पर्यटकाला मोपा विमानतळावरून येताना पोलिसांनी अडवले, तर त्याला आठवण तुमची होणार. तसेच होमस्टे असो वा हॉटेल, १९८२ च्या गोव्याच्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली त्याची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे मालकाला विचारून घ्यावे.

ज्या ऑफर हातात घेऊ नयेत

नेटवर्कच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या रकमेच्या ज्या ऑफर दिसतात, त्यांच्याकडे संशयाने पाहावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली असून त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात म्हणून गोव्यात ऑनलाइन सट्ट्याची लिंक चालेल, असा समज कोणी करून घेऊ नये. परदेशातील बेटिंग साइट मराठी चॅनलवाल्यांना थेट संदेश पाठवून दर नोंदणीमागे हजारोंचे आमिष दाखवतात. त्यांना उत्तरच देऊ नये.

कर्ज देणाऱ्या ॲपच्या बाबतीत, त्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे हे नाव ॲपमध्ये स्पष्ट नसेल, तर तो विषय तिथेच संपवावा. शेअर बाजाराच्या टिप्स आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्या यांची गोष्ट निराळी नाही. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्याविषयी लिहिणे हा आपला हक्क आहे. मात्र दारूच्या जाहिरातीवर बंधने असल्यामुळे फेणीच्या विक्रीची लिंक लावण्याच्या फंदात पडू नये.

लिंक लावणे आणि खुलासा करणे

लिंक दुकानाच्या मुखपृष्ठावर नेण्यापेक्षा ज्या वस्तूविषयी लिहिले त्याच वस्तूच्या पानावर न्यावी. नेटवर्कमध्ये याला डीप लिंक म्हणतात. प्रत्येक लेखासाठी वेगळा सब-आयडी, म्हणजे लिंकला जोडायची आपली खूण, द्यावा, म्हणजे विक्री इन्व्हर्टरच्या लेखातून आली की डब्यांच्या, हे पुढे कळते. साइटवरील अशा लिंकांना 'स्पॉन्सर्ड' ही खूण कोडमध्ये लावावी, असे गुगलने २०१९ पासून सांगितले आहे.

खुलासा ऐच्छिक नाही. जाहिरात मानक परिषदेची प्रभावकांसाठीची (इन्फ्लुएन्सरांसाठीची) मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या तत्त्वांनुसार जाहिरातीमागचा आर्थिक संबंध लपवणे दिशाभूल ठरते. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. खुलासा मजकुराच्याच भाषेत असावा. मराठी लेखाच्या शेवटी बारीक इंग्रजीत एक ओळ टाकणे पुरेसे नाही. पहिल्या लिंकच्या आधी स्वच्छ लिहावे: 'जाहिरात: या लेखातील लिंकवरून तुम्ही खरेदी केल्यास विक्रेत्याकडून मला कमिशन मिळते.' व्हिडिओत हे तोंडाने सांगावे आणि पडद्यावरही दाखवावे. असे लिहिले की लोक लिंक टाळतात, ही भीती मला तरी अनुभवाने निराधार वाटली. उलट 'हीच वस्तू म्हापशात कुठे मिळेल' असे विचारणारे वाचक वाढले आणि त्यांना मी दुकानाचा पत्ता देतो, लिंक नाही.

अहवाल, कर आणि गोव्यातील एक वेगळी बाब

दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अहवाल उतरवून घ्यावा, कारण काही नेटवर्कांत जुन्या नोंदी नंतर दिसेनाशा होतात. प्रलंबित, मंजूर आणि रद्द असे तीन स्तंभ प्रत्येक विक्रेत्यासाठी वहीत ठेवावेत. सलग दोन महिने कोणाच्या निम्म्याहून अधिक ऑर्डरी कारण न देता रद्द झाल्या, तर ऑर्डर क्रमांकांसह नेटवर्कला लिहावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर लिंक काढून टाकावी. जुन्या लेखांतील लिंक तिमाहीतून एकदा उघडून पाहाव्यात. विक्रेते योजना बंद करतात आणि नेटवर्कही बदलतात: २००० साली सुरू झालेले शेअरअसेल २०१७ मध्ये ऑविनकडे गेले आणि २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले, तेव्हा लोकांना आपली खाती आणि जुन्या लिंक हलवण्याच्या कामाला लागावे लागले.

कमिशनवरील टीडीएसचा, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेल्या आयकराचा, दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या कमिशनवर तो कापला जात नाही. पॅन दिले नसेल तर मात्र कपात २० टक्के होते. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा कराचा तपशील देणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये दिसते का, ते मार्चनंतर ताडून पाहावे. जीएसटीची नोंदणी सेवांच्या बाबतीत वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर लागते. छोट्या धंद्यांसाठी असलेली अनुमानित कराची सोपी पद्धत कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही, त्यामुळे इंटरनेटचे बिल, डोमेनचा खर्च आणि परीक्षणासाठी मागवलेल्या वस्तूंची बिले जपून ठेवावी लागतात.

आणि गोव्यातील विवाहितांसाठी शेवटची बाब. इथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नींची संपत्ती सामाईक असते, म्हणून पगार सोडून इतर उत्पन्न आयकराच्या हिशेबात दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल ५ए नावाचा स्वतंत्र तक्ता असतो. ॲफिलिएटची सगळी कमाई एकाच्या पॅनवर आली आणि टीडीएसही त्याच पॅनवर कापला गेला, तरी दोन्ही विवरणपत्रांत अर्धे उत्पन्न आणि अर्धा टीडीएस दाखवावा लागतो. गोव्याबाहेरच्या सीएला हे बहुधा ठाऊक नसते. विवरणपत्र भरण्याआधी त्याला जोडीदाराचे पॅन मागण्याची आठवण करून द्यावी.